पाचशे दिवसांच्या पणत्या

संध्याकाळी सहाला फोन वाजला. स्क्रीनवर सुनंदाचं नाव होतं. पाच दिवस तिचा फोन आला नव्हता, त्यामुळे मी हातातला चहा खाली ठेवून घाईनं उचलला आणि सवयीनं आकडा सांगायला तोंडही उघडलं... चारशे आठ. पण पलीकडून तिचा धाकटा भाऊ मिलिंद बोलत होता, लातूरहून. "सर, ताई गेली," एवढंच म्हणाला. मग म्हणाला की ती दुपारीच गेली, पण रोज सहाला ती माझ्याशी बोलायची म्हणून मला सहालाच सांगावं असं त्याच्या मनात आलं. स्वतःचं दुःख बाजूला ठेवून हा माणूस माझ्यासाठी सहापर्यंत थांबला होता. त्याचा तो चांगुलपणा मला अजून सहन होत नाही. का होत नाही, ते सांगायला हे लिहितो आहे. तिला जाऊन आज पाच आठवडे झाले.

डॉ. सुनंदा गजभारे नांदेडच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. मी त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. पण ओळख त्याच्या फार आधीची, एम.एस्सी.ला असतानाची. आमचे विषय वेगळे, पण दोन्ही विभागांत मिळून एकच चालू यंत्र होतं आणि त्याच्यासमोर नंबर लावून बसावं लागायचं. तिथं एकदा मी वहीतला एक वेडावाकडा आकडा रबरानं खोडत होतो. सहा आकडे नीट ओळीत आले होते आणि सातवा कुठल्या कुठं गेला होता. शेजारी बसलेली ही बारीक, काळीसावळी मुलगी म्हणाली, "खोडून कशाला राहिलास? आला हाय ना तो? मग राहू दे की." मी म्हटलं, चुकीचा आहे. तिनं माझ्या हातातलं रबर काढून घेतलं, स्वतःची पेन्सिल दिली आणि म्हणाली की भरवसा नसेल तर भोवती गोल कर, पण घालवून देऊ नको. पुढं तिच्या प्रत्येक वहीत मी हे पाहिलं. आकडा पेननं, आणि संशय असेल तर त्याच्याभोवती पेन्सिलीचा बारीक गोल. खाडाखोड कुठंच नाही. तिचे विद्यार्थी प्रॅक्टिकलच्या वह्या परत मिळाल्या की आधी गोल मोजायचे. मार्क नंतर बघायचे.

लोह्याजवळच्या एका गावातली ती. गावाला एक विहीर आणि बौद्ध वस्तीला वेगळी, ओढ्याच्या काठाला. तिच्या लहानपणी एका पावसाळ्यात वस्तीच्या विहिरीचं पाणी बिघडलं. दिसायला पाणी नितळच होतं. ते बिघडलंय हे कळायला तीन माणसं जावी लागली, आणि त्यातली एक तिची पाठची बहीण होती. हे तिनं मला इतक्या वर्षांत एकदाच सांगितलं, तेही बसची वाट बघताना, मधेच, आणि बस आल्यावर विषय बदलला. पण ती आयुष्यभर जे करत राहिली ते त्या विहिरीसाठीच होतं. पाणी बिघडलं की इशारा देणारं एक छोटं यंत्र विहिरीत सोडायचं. यंत्र अवघड नव्हतं. अवघड होती त्याला लागणारी वीज. वस्तीच्या विहिरीवर तार कोण ओढणार, आणि बॅटरी संपली की बदलायला कोण उतरणार? म्हणून तिला अशी वीज हवी होती जी त्या विहिरीतल्या गाळातूनच निघेल.

गाळात असे जंतू असतात की ते खाल्लेल्या अन्नातून वीज बाहेर टाकतात. त्यांना बसायला कोळसा दिला की ती वीज कोळशात उतरते आणि तारेनं बाहेर काढता येते. जगभर यावर काम चालतं. सुनंदानं ते पणतीत आणलं. पणतीच्या आत गाळ आणि कोळशाचा चुरा, वरून मेणानं बंद, पाणी घालायला एक बारीक नळी. पणतीला बाहेरून पुन्हा कोळशाचा लेप, आणि मधे भाजलेली माती. पहिल्या पणतीनं इतकी कमी वीज दिली की मी म्हटलं, याच्यापेक्षा वातीला काडी लाव. ती हसली नाही. आधी कोळसा बदलला. हदगावकडून पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचं, एक ओझं मागवलं आणि बंद डब्यात, हवा न लागू देता, त्या जाळल्या. त्या कोळशाला आत बारीक बारीक घरं असतात, जंतूंना बसायला जागा जास्त. आकडा वाढला. मग ती कुंभाराकडे गेली, पणतीची भिंत पातळ पाहिजे म्हणाली. म्हातारा वैतागला. "मॅडम, इतकी पातळ भट्टीत टिकत न्हाई. शंभर केल्या तर धा निघतील." ती म्हणाली, मला सहाच पाहिजेत. मग त्या सहा तिनं एकीला एक माळेसारख्या जोडल्या तर वेगळीच तऱ्हा. एक पणती जरा उपाशी राहिली की ती उलटी चालायची आणि बाकीच्या पाचांचं खायची. तो प्रकार कळायलाच एक वर्ष गेलं. "आपल्या स्टाफरूमसारखं हाय बघ," ती म्हणाली. शेवटी माळ सोडून शेजारी शेजारी जोडल्या आणि सगळ्यांचं मिळून चारशेच्या आसपास यायला लागलं. चारशे मिलिव्होल्ट. टॉर्चचा एक सेल याच्या तिप्पट-चौपट देतो. पण टॉर्चचा सेल विहिरीतल्या गाळावर चालत नाही.

गाळासाठी आम्ही उदगीरला जायचो. उदगीर माझं गाव. तिथल्या एका डाळ मिलच्या मागच्या नालीतला गाळ तिला फार आवडायचा, डाळीचं धुवण खाऊन त्यातले जंतू माजलेले असतात म्हणायची. पहिल्या खेपेला मी तिला घरी नेलं. आईनं पोहे केले, विचारपूस केली, आणि चहा दिला तो वेगळ्या कपात. आमचे स्टीलचे, तिचा कान तुटलेला चिनी मातीचा. मी पाहिलं. तिनं पाहिलं. मी काही बोललो नाही. तिनं चहा पिला, उठून मोरीवर गेली, कप धुतला आणि पालथा घालून ठेवला. परतीच्या बसमध्ये ती माझ्याशी गाळाबद्दल, डाळीबद्दल, विद्यार्थ्यांबद्दल बोलत राहिली. पुढंही अनेकदा ती आमच्या घरी आली, आई नंतर बदललीही, शेवटच्या आजारपणात तर तिच्याच हातून औषध घ्यायची. पण तो पहिला कप मी विसरलो नाही. सुनंदा विसरली की नाही ते मला कधी कळलं नाही, कारण मी विचारलं नाही.

आमच्या घरच्या सोवळ्याचं मी पुढं काही ठेवलं नाही, पण घासण्याचं वेड ठेवलं. माझ्या प्रयोगशाळेतली काचेची भांडी उजेडात धरून तपासली जातात. सुनंदाच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की मला खाज सुटायची. सगळीकडे गाळाचे डबे, बुळबुळीत नळ्या, शेवाळलेले कॅन. मी हात लावायला गेलो की ती ओरडायची. ते बुळबुळीत असतं तेच माझं काम आहे, एक दिवस तू घासूनघासून त्यांचा जीव घेशील, असं ती कितीदा म्हणाली असेल...

सहा पणत्या तिनं खिडकीच्या कट्ट्यावर मांडल्या आणि दिवस मोजायला सुरुवात केली. तिला पाचशे दिवस हवे होते. लहान सेल चांगली वीज देतात पण टिकत नाहीत, असं या विषयातले सगळे म्हणतात. वर्षाला एकदा कुणी विहिरीत उतरेल, आणि त्याला उशीर झाला तरी पणत्यांनी तग धरला पाहिजे, म्हणून पाचशे. रोज संध्याकाळी सहाला मीटर लावायचं, आकडा लिहायचा, आणि दर तिसऱ्या दिवशी गुळाचा खडा विरघळवलेलं चमचाभर पाणी द्यायचं. पाणी तिच्या वस्तीच्या विहिरीचं. त्याचा कॅन दर महिन्याला लोह्याहून यायचा. चारशेवा दिवस झाला तेव्हा तिच्या पोटात दुखत होतं. चारशे चाळिसाव्या दिवशी ती उपचारासाठी लातूरला भावाकडे गेली. जाताना किल्ली मला दिली. सूचना लिहून दिल्या नाहीत, कारण वीस वर्षं मी तिथंच वावरत होतो. फक्त म्हणाली, "बिरादार, पाणी विहिरीचंच घाल. आणि काही घासू नको." दोघंही हसलो.

चारशे त्रेसष्टावा दिवस रविवार होता. मे महिना. सहाला मीटरवर चारशे अकरा आले. पाणी द्यायचा दिवस होता म्हणून कॅन उघडला तर वास सुटलेला आणि वर अळ्या. मला ते बघवेना. मी कॅन मोरीत ओतला आणि साबणानं घासून स्वच्छ केला. तेवढ्यात तिचा फोन आला. आकडा सांगितला, कॅनचंही बोलून गेलो. मग पाणी? तिनं विचारलं. मी म्हटलं, आणलंय. आणलं नव्हतं. लोह्याला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस, आणि बाहेर तसलं ऊन. एका दिवसानं काय होतंय, चमचाभर तर पाणी, असा विचार करून मी नळाचं पाणी दिलं. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की आमच्या नळाला औषधाचा वास येतो. तो वास त्या संध्याकाळीही आला होता. पाण्यात जंतू मारायला काय घालतात हे मी आयुष्यभर पोरांना फळ्यावर लिहून शिकवलं आहे. तेच पाणी मी सहाही पणत्यांना चमच्या-चमच्यानं दिलं आणि किल्ली लावून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मीटरवर ब्याण्णव आले. तारा हलवून पाहिल्या, पुन्हा लावलं, ब्याण्णव. काय झालंय ते मला त्या क्षणी कळलं. तेवढ्यात फोन वाजला. त्या सकाळी तिला दुसरं केमो दिलं होतं, आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. "किती?" तिनं विचारलं. मी म्हटलं, चारशे नऊ. ती म्हणाली, "बरं हाय."

तिथून पुढं मी रोज खोटं बोललो. चारशे बारा, चारशे सात, चारशे दहा. खऱ्या मीटरवर चाळीस, बारा, मग काहीच नाही. उदगीरला जाऊन मी नालीचा गाळ आणला, लोह्याचं पाणी आणलं, कुंभाराच्या हातापाया पडून पणती घेतली आणि नवी मांडली. पण जंतूंना कोळशावर बसायला आठवडे लागतात आणि तिच्याकडे किती आठवडे आहेत हे डॉक्टरांनी मिलिंदला सांगितलं होतं, मिलिंदनं मला. एका संध्याकाळी नांदेडला वादळ झालं, गारा पडल्या, एकदम गार झालं. गार झालं की आकडा खाली येतो. तिनं फोनवर विचारलं, तिकडं गारा झाल्या म्हणतात? मी हो म्हटलं आणि पाठोपाठ चारशे दहा सांगितला. फोन ठेवल्यावर जीभ चावली. पण ती काही बोलली नव्हती. मला वाटलं, आजारपणात लक्षात आलं नसेल. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

लातूरला मी तिला एकदाच भेटायला गेलो. आणखी जायला हवं होतं. पण फोनवर खोटं बोलणं वेगळं आणि समोर बसून वेगळं, म्हणून मी परीक्षेच्या कामाचं निमित्त सांगत राहिलो. मिलिंदच्या घरी पुढच्या खोलीत तिची खाट होती. इतकी वाळली होती की चादरीखाली कुणी आहे हेही चटकन कळत नव्हतं. मी आत गेलो तेव्हा ती एका निळ्या वहीत काहीतरी लिहीत होती. मला पाहून वही उशीखाली सरकवली. मी मोसंबी सोलून दिली, ती तिनं खाल्ली नाही. पणत्यांचं तिनं काहीच विचारलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नाचं विचारलं, कुंभाराच्या गुडघ्याचं विचारलं. मी निघालो तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "लई वाळलास रे. इतकं मनाला लावून घेऊ नको." मला वाटलं, ती तिच्या आजाराबद्दल बोलते आहे.

पाचशेव्या दिवशी मी कट्ट्यासमोर उभा होतो. सहा मेलेल्या पणत्या आणि बाजूला ती सातवी, जिच्यात अजून काही जागं झालं नव्हतं. फोन आला. मी म्हटलं, चारशे आठ. झाले की पाचशे. आनंदाचा आवाज काढायचा प्रयत्न केला. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "झालं मग. आता उद्यापासून आकडा नको सांगू. बंद कर ते. तुला रोज सहाला यायचा ताप." मी बरं म्हटलं. "घरी जा, बिरादार," ती म्हणाली. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

ती गेल्यावर विभागप्रमुखांनी शोकसभेत पाचशे दिवसांचा उल्लेख केला. टाळ्या वाजवायच्या नसतात तिथं दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. शोधनिबंध तिच्या नावानं पाठवायचा ठरला, आकडे मी द्यायचे. मी हो म्हटलं. मेलेल्या बाईला पाचशे दिवस मिळत असतील तर मिळू देत, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे माझ्यात ती चूक बोलून दाखवायची हिंमत नव्हती.

गेल्या आठवड्यात मिलिंद तिच्या खोलीतलं सामान न्यायला नांदेडला आला. चहा झाल्यावर त्यानं पिशवीतून ती निळी वही काढली. ताईनं सांगितलं होतं, महिना झाल्याशिवाय सरांना देऊ नको. तो गेल्यावर मी उघडली. पानापानांवर तिच्या अक्षरात, पुढं पुढं थरथरत गेलेल्या अक्षरात, मी फोनवर सांगितलेला प्रत्येक आकडा होता. चारशे चाळिसाव्या दिवसापासून चारशे त्रेसष्टाव्या दिवसापर्यंतचे साधे. चारशे चौसष्टाव्या दिवसासमोर ४०९, आणि त्याच्याभोवती पेन्सिलीचा गोल. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'नळाचं पाणी असावं. विचारायचं नाही.' त्यानंतर पाचशेपर्यंत एकही आकडा गोलाशिवाय नव्हता. गारांच्या दिवशीचा गोल जरा जोरात ओढलेला, कागद दबला होता. शेवटच्या पानावर एकच ओळ, पेननं, 'एकूण दिवस ४६३.'

म्हणजे पहिल्याच दिवशी तिला कळलं होतं. सदतीस संध्याकाळी तिनं फोन लावला, किती म्हणून विचारलं, बरं हाय म्हणाली आणि वहीत गोल केला. तिचं आयुष्यभराचं काम मी एका चमच्यानं संपवलं आणि ती मला सांभाळत राहिली. उदगीरच्या मोरीवर तो कप धुऊन पालथा घातला होता, तसंच. तेव्हाही मी गप्प बसलो होतो. या वेळी बसणार नाही. प्रमुखांना भेटून सगळं सांगितलं. ते म्हणाले, आता कोण विचारतंय, पाचशे बरं दिसतं. मी म्हटलं, चारशे त्रेसष्टच जातील, आणि पुढं लिहायचं की सांभाळणाऱ्यानं नळाचं पाणी घातल्यामुळे प्रयोग संपला. सांभाळणाऱ्याचं नावही घालायचं.

तिच्या प्रयोगशाळेची किल्ली अजून माझ्याकडे आहे. तिचा कोट खुंटीवर आहे, खिशाला पेन्सिल खोचलेली. कट्ट्यावरच्या त्या सहा पणत्या मी हलवल्या नाहीत. त्यांच्यावरची धूळही पुसली नाही, आणि हे मला किती जड गेलं ते तिलाच कळलं असतं. सातवीला दर तिसऱ्या दिवशी लोह्याच्या विहिरीचं पाणी देतो. काल संध्याकाळी सहाला मीटर लावलं. तीन आले. तीन म्हणजे काहीच नाही. पुन्हा लावून पाहिलं, तीनच. निळी वही उघडली, तिच्या शेवटच्या ओळीच्या खाली तीन लिहिलं. कोटाच्या खिशातली पेन्सिल काढून हातात धरली. मग गोल न करता वही मिटली आणि पेन्सिल होती तिथं खोचून ठेवली.